आत्याबाईंच्या नावाआधीचं ‘कै.’

आत्याबाई वारल्याची बातमी मला कळली तेव्हा मी त्यांच्या शेजारीच बसले होते आणि त्या लसूण सोलत होत्या. फोन चाकणहून आला होता, नात्यातल्या एका लांबच्या जावेचा.

"अगं, कळवायचं तरी," ती रडवेल्या आवाजात म्हणाली. "कधी गेल्या? आणि दहावा कधी धरलाय?"

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांनी लसणाच्या गड्ड्यातली एक पाकळी नखानं उचकटली आणि विचारलं, "कोण गेलं गं?"

"तुम्ही" असं म्हणायला जीभ रेटेना. मी फोन त्यांच्याच हातात दिला. त्या "हॅलो" म्हणाल्या. पलीकडे किंचाळी, आणि मग फोन बंद.

हे कसं झालं ते सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल. आमचं गाव घोडेगाव आणि कळंबच्या मधल्या पट्ट्यात आहे. नाव सांगत नाही, कारण गावाच्या नावाचं स्पेलिंग काय लिहायचं यावरसुद्धा आमच्याकडे दोन पक्ष आहेत. मी लग्न होऊन इथं आले. मंचरला ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. आत्याबाई म्हणजे माझ्या नवऱ्याची सख्खी आत्या. त्या सरकारी नर्स होत्या. निम्मी नोकरी घोडेगावच्या वरच्या डोंगरी गावांत झाली, मग काही वर्षं जुन्नरला, आणि शेवटची बरीच वर्षं आमच्याच गावच्या उपकेंद्रात. गावातले आजचे बहुतेक तरणे पुढारी त्यांच्या हातांवर जन्माला आलेले. त्यांचं लग्न झालं होतं, पण दोन पावसाळ्यांतच त्या माहेरी परतल्या. का, ते घरात कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. निवृत्त झाल्यावर त्या भावाकडे, म्हणजे आमच्याकडेच राहिल्या. माझे सासरे पुढं वारले. आत्याबाई मात्र खणखणीत.

आता गावकोशाकडे येते. माझे एक चुलत दीर पुण्याच्या कंपनीत संगणकाचं काम करत. घरून काम करायची सवलत मिळाल्यावर ते गावी राहायला आले, आणि गावात राहायला आलेल्या शिकलेल्या माणसाला जे होतं ते त्यांना झालं. त्यांना गाव सुधारायचा झटका आला. देवळाच्या सभामंडपात त्यांनी सभा घेतली. गावाचा एक ज्ञानकोश करायचा, इंटरनेटवर. त्यात गावातलं कुणीही लिहील आणि कुणीही दुसऱ्याचं लिहिलेलं दुरुस्त करील.

"कुणीही?" मागून कुणीतरी विचारलं.

"कुणीही," भाऊजी अभिमानानं म्हणाले.

सभेत आनंदाची लाट उसळली. दुसऱ्याचं दुरुस्त करायचं हे काम आमच्या गावाला इतकी वर्षं नुसत्या तोंडानं करावं लागत होतं.

मला शुद्धलेखन दिलं. "वहिनी, तुम्ही फक्त ऱ्हस्वदीर्घ बघा, मजकुरात पडू नका," भाऊजी म्हणाले. हा सल्ला किती शहाणपणाचा होता ते मला पुढं कळलं.

पहिलं पान बिबट्यावर झालं. आमच्या भागात बिबट्या कुणी पाहिला नाही असं घर सापडणार नाही. पहिल्या दिवशी तो उसातून निघालेला, वितभर जिभेचा एक साधा बिबट्या होता. मग प्रत्येकानं त्यात आपापलं पाहिलेलं घातलं. आठवडा सरता सरता त्याची लांबी आमच्या एसटी थांब्याएवढी झाली, आणि तो एकाच रात्री पाच वस्त्यांवर एकाच वेळी दिसू लागला. भाऊजींनी "संदर्भ द्या" अशी सूचना लावली. लोकांनी तत्काळ संदर्भ दिले. "संदर्भ: माझे चुलते." "संदर्भ: सगळ्यांना माहीत आहे." एकानं लिहिलं, "संदर्भ: या, दाखवतो."

तोवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग कुणीतरी "गाव कुणी वसवलं" हे पान उघडलं.

आमच्या गावात दोन मोठ्या भावक्या. एक आमची. दुसरी माजी सरपंचांची. दोन्ही भावक्यांच्या मते गाव त्यांनी वसवलं आणि दुसरी भावकी नंतर पाण्याच्या शोधात आली. सकाळी गाव आम्ही वसवलेलं असायचं. दुपारी जेवणं झाली की ते माजी सरपंचांनी वसवलेलं असायचं. संध्याकाळी दूध घालून लोक परतले की पुन्हा आम्ही. मी आपली दोन्ही बाजूंचं "वसाहत" दुरुस्त करत बसायची, कारण ते मात्र दोन्ही भावक्या एकसारखंच चुकवत. भाऊजींनी पानाला कुलूप लावलं, तेव्हा माजी सरपंच चपला न काढता आमच्या ओसरीवर आले.

"कुलूप लावताना गाव कुणाच्या नावावर व्हतं?" त्यांनी विचारलं.

"त्या वेळी... आमच्या," भाऊजी म्हणाले.

"मंग ह्येला ज्ञानकोश नका म्हणू राव. ह्यो तुमचा सातबारा हाय."

भाऊजी दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी हसतमुखानं खाली आले. त्यांना उपाय सापडला होता. जगात म्हणे याच्या पुढची एक तऱ्हा निघाली आहे. तिचं नाव विकेंद्रित. सगळ्यांचा मिळून एक कोश ठेवायचाच नाही. प्रत्येक घराची स्वतःची प्रत. दुसऱ्याच्या प्रतीतलं पान आवडलं तर एक बटण दाबून आपल्याकडे घ्यायचं आणि आपल्याला हवं तसं बदलायचं. तुमच्या प्रतीत दुसरा कुणी ढवळाढवळ करू शकत नाही आणि तुम्ही दुसऱ्याच्या प्रतीत.

गावाला ही कल्पना फारच पसंत पडली. वाटणी म्हणजे काय हे इथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. महिन्याभरात जवळपास प्रत्येक घरानं आपला कोश थाटला. प्रत्येक कोशात गाव त्या त्या घरानं वसवलं. भांडणं थांबली. भाऊजींनी पुण्याच्या मित्रांना फोन करून सांगितलं, की लोकशाही प्रत्यक्षात कशी असते ते बघायचं असेल तर आमच्याकडे या.

याच सुमाराला पिंपरीला कारखान्यात असलेल्या एका पुतण्याला आत्याबाईंचं पान करावंसं वाटलं. हेतू चांगला होता. पण सगळं नव्यानं लिहायचा कंटाळा म्हणून त्यानं माझ्या सासऱ्यांचं पान घेतलं, भावाच्या जागी बहीण केली, फोटो बदलला, "शेतकरी"चं "परिचारिका" केलं. सासऱ्यांच्या नावाआधीचं "कै." तेवढं तसंच राहिलं. आत्याबाईंचं पान कुणाला नको असणार? एकानं घेतलं, त्याच्याकडून दुसऱ्यानं. घेताना वाचायचं असतं अशी सक्ती त्या बटणात नव्हती. चार-सहा दिवसांत आत्याबाई गावातल्या सगळ्या प्रतींमध्ये, शिवाय चाकण, पिंपरी आणि ठाण्याच्या नातेवाइकांकडे, एकजात वारल्या.

चाकणच्या फोननंतर आम्ही भाऊजींना बोलावलं. आत्याबाईंनी हात पुसले आणि शांतपणे विचारलं, "कुठं तक्रार करायची?"

"आत्या, तसं ऑफिस नाही त्याला. मधे कुणीच नाहीये. तीच तर त्यातली गंमत आहे."

"मधी कुणी न्हाई, मंग मी समद्यांकडं कशी मेले?"

"पसरलं ते."

"पसरतंय आपलं आपण. आन पुसायचं?"

"पुसायचं ज्यानं त्यानं. हातानं."

"झाडायची सोय न करताच घर बांधलंस व्हय रे," आत्याबाई म्हणाल्या आणि पुन्हा लसणाकडे वळल्या.

पण दुसऱ्या दिवशी माणसं येऊ लागली. डोंगराकडून घोडेगावमार्गे येणाऱ्या गाडीतून वरच्या गावांतल्या बाया उतरल्या. दारात येताच त्यांनी गळा काढला आणि आत्याबाईंना ओसरीवर पाहून तो तसाच आत घेतला. जुन्नरहून बांगड्यांचं दुकान असलेले चाचा आणि चाची आले. आत्याबाई जुन्नरला असताना चाचींच्या दोन्ही मुली आत्याबाईंच्याच हातावर झाल्या होत्या. चाचांनी पांढरा रुमाल हातात तयार ठेवला होता. आत्याबाई म्हणाल्या, "बसा. उन्हातनं आलात." चाचा बसले, रुमाल कपाळाला लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. चाचींनी मात्र आत्याबाईंच्या पाठीत एक धपाटा घातला. "किती रडले मी एसटीत! कंडक्टरनं तिकीट नाय मागितलं!" मग दोघी हसत सुटल्या. मी चहा टाकत होते, आणि ओट्याशी उभी असताना मला एकदम वाटलं, की अशी मरणाची बातमी माणसाला एकदा तरी जिवंतपणी मिळावी.

हे सुख फार टिकलं नाही. चौकात फ्लेक्स लागला. तरुण मंडळानं मोठ्या तत्परतेनं लावला होता. "भावपूर्ण श्रद्धांजली." वरच्या कोपऱ्यात आत्याबाईंचा तळहाताएवढा फोटो, आणि खाली "शोकाकुल" या शब्दाभोवती मंडळाच्या सगळ्या पोरांचे गॉगल घातलेले मोठे फोटो. आत्याबाई मला घेऊन बघायला गेल्या. चष्मा वर-खाली करून त्यांनी सगळा फ्लेक्स वाचला.

"माझ्यापरीस ही पोरंच मेल्यावानी दिसत्यात," त्या म्हणाल्या. मग मंडळाच्या अध्यक्षाला हाक मारली. "उतरव. आन फेकू नको, आपल्या वैरणीवर टाकायला व्हईल."

त्या दिवसापासून त्या घरोघर निघाल्या. माझी कॉलेजची सुट्टी होती म्हणून मी बरोबर. दुरुस्तीत शुद्धलेखन बघायला, असं मी भाऊजींना सांगितलं. खरं म्हणजे मला हे चुकवायचं नव्हतं.

बहुतेक घरांत काम पटकन झालं. घरातली सून मोबाइल घेऊन यायची, "कै." पुसायची, आणि वर चहा. पण काही ठिकाणी अडलं. गावातल्या एका पदवीधरानं आत्याबाईंना खुर्ची दिली आणि आदरानं सांगितलं, की बदल करायला संदर्भ लागतो.

"मी उभी हाय की पुढ्यात," आत्याबाई म्हणाल्या.

"तसं नाही आत्या. माणसानं स्वतःबद्दल स्वतः सांगितलेलं धरत नाहीत. तिऱ्हाइतानं सांगावं लागतं."

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, की जिवंत आहेत. त्यावर तो म्हणाला, "तुम्ही घरच्या." शेवटी त्यानं आपल्या आईला बोलावलं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि त्याच्या हातातला मोबाइल काढून घेतला. तो संदर्भ चालला.

सरपंचबाईंच्या घरी वेगळंच. बाई शेतावर होत्या. त्यांचे मालक, जे सगळा कारभार बघतात, ते म्हणाले, "काढतो ना. का न्हाई काढायचं? फकस्त तुमच्या प्रतीत तेवढं गाव आमच्या पणज्यानं वसवल्याचं घाला. एका हातानं द्या, एका हातानं घ्या."

"माझ्या जिवावर गाव मागतोस व्हय रं?" आत्याबाई म्हणाल्या. "पायाळू व्हतास तू. आठवतंय का? तुला न्हाई आठवायचं. तुझ्या आईला इचार, मी किती वेळ उभी व्हते."

मालकांनी "कै." काढलं. पण काढताना तोंड असं केलं, की जणू आपण गावच गमावलं.

जवळजवळ सगळ्या प्रतींत आत्याबाई जिवंत झाल्या, आणि तिथंच घोटाळा झाला. मेलेल्या आत्याबाईंच्या पानावर सगळं चांगलं लिहिलेलं होतं. सेवाभावी, मायाळू, हसतमुख. जिवंत झाल्या झाल्या लोकांना इतर गोष्टी आठवू लागल्या. एका प्रतीत "स्वभाव तापट" आलं. दुसरीत "सुईचा हात जड." तिसरीत कुणीतरी लिहिलं, की कुटुंबनियोजनाच्या कँपला बाया नेताना त्या फार जबरदस्ती करत. आत्याबाई हे सगळं माझ्याकडून वाचून घेत आणि मान डोलवत. "खरं हाय की. हात व्हताच जड." मला वाटलं, चला, निभावलं.

मग एका प्रतीत "वैवाहिक जीवन" असं उपशीर्षक आलं.

कुणी लिहिलं ते मी सांगत नाही. लिहिलं होतं, की सासरी पटवून न घेतल्यामुळे त्या परत आल्या. दुसऱ्या दिवशी शेजारच्या प्रतीनं ते पान घेतलं आणि सुधारलं. तिथं नवरा व्यसनी झाला. तिसऱ्या घरानं त्याला दुसरी बायको दिली. चौथ्यानं लिहिलं, की आत्याबाईंना मूल होत नव्हतं, आणि खाली, आजवरच्या सवयीनं, "संदर्भ: सगळ्यांना माहीत आहे."

हे मी त्यांना वाचून दाखवलं नाही. पण चष्मा त्यांच्याकडेही होता आणि मोबाइलही. संध्याकाळी मी आत गेले तर त्या खाटेवर मोबाइल उपडा ठेवून बसल्या होत्या. दिवा लावला नव्हता.

"यातलं कुठलं..." मी म्हणाले आणि थांबले.

"तू बी?" त्या म्हणाल्या.

मला इतकी लाज वाटली, की मी तशीच मागं फिरले. मजकुरात पडू नका असं मला बजावलं होतं.

आता एकच घर उरलं होतं. माजी सरपंचांचं. त्यांच्या प्रतीत आत्याबाई अजूनही कैलासवासी होत्या. त्यांनी निरोपही पाठवला होता, की आमच्या प्रतीत काय ठेवायचं ते आम्ही बघू, हीच तर तुमची विकेंद्रित पद्धत. मला वाटलं, आत्याबाई आता जायच्या नाहीत. पण सकाळी त्यांनी निऱ्या सारख्या केल्या आणि म्हणाल्या, "चल."

माजी सरपंच अंगणात बसून टोमॅटोच्या क्रेट मोजून घेत होते. त्यांनी आम्हाला बसायला खुर्च्या मागवल्या. पूर्वी ते आमच्या ओसरीवर चपला न काढता आल्याचं दोन्ही बाजूंना आठवत होतं.

"तुझ्या प्रतीत काय लिवलंय ते मला वाचून दाखव," आत्याबाई म्हणाल्या.

माजी सरपंच मोबाइल लांब धरून शाळेतल्यासारखं मोठ्यानं वाचायला लागले. "कैलासवासी नर्सबाई यांनी आपले आयुष्य आयाबायांच्या सेवेत घालवले. वरच्या गावांत वाट नसताना त्या पायी जात. ओढ्याला पूर असतानाही त्या छातीएवढ्या पाण्यातून पलीकडच्या वस्तीवर गेल्या व बाळंतीण सोडवली." पुढं थोडं आणखी होतं. मग संपलं. उपशीर्षक कुठलंच नव्हतं.

"बास?" आत्याबाईंनी विचारलं.

"बास. लोकांनी बाकीचं लई धाडलं आमाला. घ्या म्हणले." त्यांनी मोबाइल खिशात टाकला. "गेलेल्या बाईमाणसाचं तसलं आमी लिवत न्हाई."

"न्हाई गेलेली मी."

"त्ये दिसतंय."

आत्याबाई म्हणाल्या, "एक चूक हाय त्यात. छातीएवढ्या पाण्यातनं मी न्हाई गेले. मला पवता येत न्हाई. मी ट्रॅक्टरवर गेले. तुझ्या बापाच्या. त्यानं रातच्याला ट्रॅक्टर घातला पाण्यात. पलीकडं गेल्यावर इंजिन बंद पडलं, तर सकाळपातूर गड्यासारखा बसून राहिला. मी त्याला चुलीपाशी बोलावलं, तर आत बाया हायेत म्हणून आला न्हाई."

माजी सरपंचांचा हात क्रेटवर तसाच राहिला. "आमाला न्हाई बोलले कधी."

"कशाला बोलल? ट्रॅक्टर बिघडला म्हणून तुझी आई त्याला लई बडबडली व्हती."

ते हसले. हसता हसता त्यांनी मोबाइल पुन्हा काढला, दोन बोटांनी हळूहळू टाइप केलं. मी शेजारून पाहिलं. "छातीएवढ्या पाण्यातून" खोडलं होतं आणि "ट्रॅक्टरवरून" घातलं होतं. ट्रॅक्टर कुणाचा, ते मात्र लिहिलं नाही. त्यांनी विचार केला, पुन्हा बोट नेलं, पुन्हा मागं घेतलं.

"त्ये वरचं ‘कै.’ काढू का?" त्यांनी विचारलं.

आत्याबाई उठल्या. पदर खोचला. "राहू दे. तुझ्याकडं मी मेलेलीच बरी हाय. बाकी समदीकडं जित्ती हाय तर लोकांनी काय दिवं लावलं, ते बघितलं मी."

"आपल्याला काय, ठेवतो," माजी सरपंच म्हणाले, आणि क्रेटमधले चांगले टोमॅटो निवडून त्यांनी आमच्या पिशवीत घातले.

भाऊजींना मी हे सांगितलं तेव्हा ते अस्वस्थ झाले. एका माणसाबद्दल एका प्रतीत एक आणि दुसरीत दुसरं, हे पद्धतीत बसतं, पण एकात जिवंत आणि एकात मृत हे जरा जास्त होतंय, असं त्यांचं म्हणणं. त्यांना सगळ्या प्रती आपोआप जुळवणारं काहीतरी बनवायचं आहे. गावानं त्याला विरोध केला आहे. या एका गोष्टीवर दोन्ही भावक्या एकत्र आल्या.

त्या दिवशी माजी सरपंचांकडून परतताना मला काहीतरी बोलायचं होतं, आदल्या संध्याकाळबद्दल. पण वाटेत एका घराच्या पडवीत धुतलेली लंगोटं वाळत घातलेली आत्याबाईंना दिसली आणि त्या न विचारता आत शिरल्या. नवी बाळंतीण उठायला लागली, तर हातानंच तिला बस म्हटलं. बाळाच्या टाळूवर हलकेच तळवा ठेवला, बघितलं, आणि त्याचे कान झाकणारं टोपडं जरा खाली ओढलं.

"वारं लागतंय त्याला," त्या म्हणाल्या. "आन तू जेवतीस का नीट?"